सोबतीचं कडं

आमच्या निरवडपाल गावात दारू दोन प्रकारची. एक माणसाची, एक देवाची. माणसाची पोटात गेली की माणूस आडवा होतो, आणि देवाची मातीत गेली की वेशीवरचा राखणदार उभा राहतो, अशी आमची समजूत. म्हणून परक्या माणसाने ‘घरात दारू आहे का’ असं विचारलं तर आम्ही सरळ ‘नाय’ म्हणतो. माळ्यावर त्या वेळी देवाची बाटली उभी असली तरी जीभ अडखळत नाही. आम्ही खोटं बोलत नाही, ती बाटली आम्ही दारूत धरतच नाही, इतकंच.

असल्या एका न धरलेल्या बाटलीने आमच्या शेजारच्या रुपेश गवसाला तुरुंगाच्या दारापर्यंत नेलं होतं. गोष्ट अलीकडची आहे. तुम्हाला थाप वाटली तर वाटू द्या. माझ्या खऱ्या गोष्टींनाही लोक थापाच म्हणतात, आणि थापा मात्र बिनबोभाट खपतात.

रुपेश अननसाची पिकअप चालवायचा. हमरस्त्यावर तेव्हा गाड्या आपल्या आपण धावायला लागल्या होत्या, पण आमच्या घाटातल्या वळणांपुढे गाडीची अक्कल हात टेकायची, म्हणून ड्रायव्हर लोकांचं पोट चालू होतं. नदीपलीकडे गोवा. तिकडे दारू स्वस्त. एका दुपारी रुपेश तिकडून भरून आला, गाडीतली सावध करणारी बाई बोलत होती तिचं तोंड बंद केलं, आणि पिकअप थेट एसटीच्या निवाऱ्यात घातली. आत पेडणेकर गुरुजी बसले होते. जीव वाचला, पाय मोडला.

सावंतवाडीच्या कोर्टात आम्ही अर्धी वाडी गेलो होतो. न्यायाधीशबाई चष्मा पुसत शांतपणे बोलत होत्या.

“शिक्षा दोन वर्षांची आहे. पण नवा कायदा तुरुंगाच्या आधी दवाखान्याचं दार दाखवतो. तीन वाटा आहेत. एक, सरकारी दवाखान्यात गोळ्या आणि आठवड्याची बैठक.”

“ती ह्यांनी दोनदा अर्धवट सोडली आहे, मॅडम,” समुपदेशक मुजावर मॅडम मध्येच म्हणाल्या. कोर्ट ज्यांना उपचाराला पाठवतं त्यांच्यावर लक्ष ठेवणं हे त्यांचं काम. मूळच्या कोल्हापूरच्या, बोलणं लवंगी मिरचीसारखं.

“मग दुसरी. केंद्रात राहायचं, सहा महिने.”

“मगे घराक कोण पोसतलो?” रुपेश पुटपुटला.

“तिसरी वाट, सोबत. तुमच्या दंडात एक कणी बसवतील, घरातल्या एका माणसाच्या हातात कडं. वर्षभर. त्या वर्षात कणीला तुमच्या अंगात दारू एकदा जरी सापडली, तरी हे दार बंद आणि ते उघडं.” बाईंनी पेनाने बाहेर उभ्या पोलीस व्हॅनकडे दाखवलं. “अजून एक लक्षात ठेवा. हा कायदा पकडलेल्याला शिक्षा देतो आणि आपल्या तोंडाने सांगणाऱ्याला वाट देतो. पाय घसरतोय असं वाटलं तर घसरायच्या आधी येऊन सांगायचं. सोबती कोण होणार?”

रुपेशच्या भावाला अचानक कोर्टाच्या छताचा पंखा फार आवडला. तो वरच बघत राहिला. मामाने रुमाल काढून घाम पुसला. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रणिता, रुपेशची बायको, उठली.

“मी,” ती म्हणाली.

रुपेशने वळून तिच्याकडे बघितलं. मला वाटतं, कित्येक वर्षांनी बघितलं. आमच्यात बायकोला नावाने हाक मारायची पद्धत तशी कमीच, ‘गो’ वर काम भागतं. पण ह्या गड्याचा ‘गो’सुद्धा जेवण वाढण्यापुरता असायचा, आणि प्यायलेला असला की तोही नाही.

कणी तांदळाच्या कणीएवढीच. दवाखान्यात सुईने दंडाच्या कातडीखाली सरकवली. मुजावर मॅडमनी समजावून सांगितलं ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो. तलफ यायच्या आधी शरीर चुगली करतं. नाडीची चाल बदलते, घामाची खार बदलते, कातडीखालच्या पाण्यात काही रसायनं चढतात. कणी ती चुगली ऐकते. पहिल्या पंधरवड्यात रुपेशला दारूचा वास देऊन देऊन तिला त्याची चुगली नेमकी शिकवली. कणीच्या पोटात औषधाचा साठा असतो. थेंबभर सुटलं की तलफ बसते. पण तो साठा बँकेतल्या लॉकरसारखा, दोन चाव्यांचा. एक चावी कणीची, दुसरी सोबत्याची. तलफ चढली की कडं मनगटावर ठकठक करतं. सोबत्याने कड्यावर अंगठा दाबला की औषध सुटतं.

“दुसरी चावी कित्याक?” प्रणिताने विचारलं.

“आधी एकच चावी होती. लोक दिवसभर औषध सोडून घ्यायचे आणि माठासारखे बसून राहायचे. म्हणून दुसरा माणूस आणला.” मॅडमनी कडं तिच्या मनगटात अडकवलं. “आणि तुम्ही अंगठा दाबलात की तुमची नाडी ह्यांच्या दंडात ठुमकते. तलफ असो नसो, अंगठा दाबला की ठुमकते. म्हणजे कुणीतरी ऐकलं, एवढं त्यांना कळावं. दाबून बघा.”

तिने दाबला. रुपेश दचकला आणि दंड चोळायला लागला.

“काय वाटतं?”

“कोंबडीचा पिल्लू मुठीत धरल्यासारख्या.”

मॅडम हसल्या. मग त्यांनी ठरलेले प्रश्न विचारले. शेवटचा, “घरात दारू आहे का? औषधी, स्वयंपाकाची, कुठलीही?”

“नाय,” दोघं एका सुरात म्हणाले. मी मागे उभा होतो, मीही मान हलवली. आणि गवसांच्या माळ्यावर केळीच्या पानाचं बूच मारलेली राखणीची बाटली उभी होती. गवस हे गावचे मानकरी. वर्षाआड काजूच्या मोसमात त्यांच्या घरी राखणदारासाठी एक बाटली निघते, माळ्यावर मुरते आणि पुढल्या वर्षीच्या मार्गशीर्षात, राखणीच्या दिवशी, वेशीवरच्या फणसाखाली ओतली जाते. ती दारू नव्हे, तो मान.

पहिले महिने कठीण गेले. कडं सारखं ठोकायचं. प्रणिता घावण्याचं पीठ भिजवत असली तर पिठाच्या बोटांनी दाबायची. एकदा रेशनच्या रांगेत होती, एकदा माझ्याच अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. ठकठक झाली की तिचा चेहरा बदलायचा. हातातलं सोडून ती मनगट छातीशी धरायची, अंगठा दाबायची, आणि घाटाच्या दिशेने बघत राहायची. तिकडे कुठल्यातरी वळणावर, दारूच्या दुकानाच्या पाटीसमोर, रुपेश गाडीचा वेग कमी करत असायचा. आणि तिच्या अंगठ्यातली नाडी त्याच्या दंडात ठुमकली की पुन्हा वाढवायचा.

“काय म्हणता गो घोव?” मी तिच्या नवऱ्यावरून चेष्टेने विचारायचो.

“हाक मारता,” ती म्हणायची.

मला तेव्हा ते बोलणं गोड वाटलं. त्यातलं कडू नंतर लागलं.

पावसाळा सरला तशी रुपेशची तलफ उतरत गेली. गडी भरला, रंगावर आला. गुरुजींचं अंगण शेणाने सारवून देऊन आला. मोडलेल्या पायाला सारवणाचा काय उपयोग, असं गुरुजीच म्हणाले, पण चहा पाजला. कडं दिवसातून एकदा ठोकायचं, मग दोन दिवसांतून, मग आठवडा आठवडा गप्प. आणि प्रणिता उतरत गेली.

आधी ती कडं कानाला लावून बघायला लागली. मग जेवता जेवता थांबायची, कुणी बोलत असलं तरी हात वर करून म्हणायची, “थांबा, ठोकला.” ठोकलेलं नसायचं. बोटं थरथरायची. आंघोळीला गेली की अर्ध्यातून बाहेर यायची. एक दिवस एसटी धरून एकटीच सावंतवाडीला गेली आणि मुजावर मॅडमना म्हणाली, कडं बिघडलं.

मॅडमनी तपासलं. “कडं उत्तम आहे. अहो, तुमचा नवरा बरा होतोय. आनंदाची बातमी आहे.”

“व्हय,” प्रणिता म्हणाली आणि कडं पदराखाली झाकून बाहेर पडली. हे मॅडमनीच मला पुढे सांगितलं, कपाळावर हात मारून. वर्षभर सगळ्यांनी कणीवर डोळा ठेवला होता. कड्याकडे बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

त्यानंतरच्या आठवड्यात रुपेश गूळ काढायला फडताळ उघडतो तर लोणच्याच्या बरणीमागे राखणीची बाटली. माळ्यावरची, फडताळात. त्याच्या कपाळावर घाम आला. दंडात आधीपासूनच ठुमकत होतं, मागून औषध उतरलं. त्याने बाटली उचलून परत माळ्यावर ठेवली.

चार दिवसांनी ती गाडीच्या सीटखाली होती. पुढे एकदा उशाशी, आणि तेव्हा केळीच्या पानाचं बूच सैल होतं, खोलीभर काजूचा वास. दर वेळी तलफ उसळायची, दर वेळी तिचा अंगठा यायचा. रुपेश माझ्याकडे येऊन पायरीवर बसला.

“आजोबा, राखणदार बाटली हलवता काय रे?”

“हलवता तर. माझ्या आज्याच्या वेळी एका मानकऱ्याने बाटलीत पाणी घातलं, तर राखणदाराने त्याची म्हैस घराच्या कौलांवर नेऊन बांधली. खाली उतरवायला लग्नाचा मांडव घालावा लागला.”

तो हसला नाही. दंड चोळत बसला. “ह्यो राखणदार माज्यावर कित्याक उठलो मगे? मी पियत नाय.”

“पियत नाय म्हणूनच आसात,” मी म्हणालो. त्याने माझ्याकडे टक लावून बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे कोयती मागायला गेलो. मागच्या दाराने गेलो, पायात चप्पल नव्हती, म्हणून चाहूल लागली नाही. प्रणिता ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. समोर बाटली, बूच काढलेलं. शेजारी रुपेशचा पाण्याचा पेला, भरलेला. तिने बाटलीत करंगळी बुडवली आणि पेल्याच्या काठावरून फिरवली, एकदा, पुन्हा एकदा. दुसऱ्या हाताचा अंगठा कड्यावर तयार होता. आत जेवायला बसलेल्या रुपेशने पाणी मागितलं.

एक घोट. कणीला त्याहून जास्त लागत नाही.

मी पुढे झालो, पेला उचलला आणि गटागटा पिऊन टाकला. ह्या वयात एवढ्या चपळाईने मी फक्त दुसऱ्याचं पाणी पिऊ शकतो. ओठांना काजूची चव लागली.

“आजोबा, तहान लागली इतकी?” आतून रुपेश म्हणाला. त्याने पिताना पाहिलं होतं, बाकी काही पाहिलं की नाही ते कळलं नाही.

“ऊन आसा रे,” मी म्हटलं आणि प्रणिताला मागच्या परसात नेलं.

“गो, ह्या काय मांडलंस? तो तुरुंगात जायत.”

“मी तेका पियाक दिलंय नसतंय. वास येवन तलफ उठली आसती, ठोकला आसता, मी दाबलंय आसता. आणि पेलो काढून घेतलंय आसता.”

“आणि काढून घेण्याआधी प्यायला असता तर?”

तिने मनगट चोळलं. कड्याखालची कातडी लाल झाली होती. “आजोबा, तो हाक मारीनासो झालो. पंधरा वर्सां संसार केलंय, ह्या एका वर्सात तेका माजी गरज लागली. आता बरो झालो. वर्स सरला की कडा काढतले. मगे मी कोण?”

मी तिला परसातल्या दगडावर बसवलं.

“आठ दिवसांनी राखण आहे,” मी म्हटलं. “बाटली फणसाखाली जाईल आणि विषय मिटेल. तोवर हात लावायचा नाही. राखणदाराची आण घे.” तिने घेतली. दुसऱ्या दिवशी मी रुपेशला गाठून म्हणालो, “बाबा, तुझा पाण्याचा तांब्या आपला आपण भरून घेत जा.”

“कालच वेगळो केलंय, आजोबा,” तो म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

राखणीला आमच्याकडे बायका येत नाहीत. पण कोर्टाची अट अशी की सणासमारंभात सोबत्याने कणीपासून हाकेच्या अंतरावर राहायचं, म्हणून त्या वर्षी प्रणिता आली. आणि वर्षाची शेवटची तपासणी करायला मुजावर मॅडमही त्याच दिवशी आल्या. गावातल्या वडीलधाऱ्या दाजींनी कुरकुर केली, “कोर्टाचो मान देवाच्या मानापेक्षा मोठो झालो काय?” त्यावर मॅडम म्हणाल्या, “देवाला विचारा, मी थांबते.” दाजी नारळ सोलायला बसले.

मॅडमनी बाटली बघितली मात्र आणि त्यांचा आवाज खाली आला. “ही कुठून आली?”

“माळ्यावरसून,” चौघे एकदम म्हणाले.

“घरातल्या? वर्षभर? मी विचारलं होतं घरात दारू आहे का.”

“ती दारू नाय ओ, मॅडम,” दाजी समजुतीने म्हणाले. “ती देवाची.”

मॅडमनी डोळे मिटले, उघडले. “पुढं काय होतं ते सांगा.”

पुढे असं होतं की मानकरी कोंबडा दाखवतो, नारळ फोडतो, गाऱ्हाणं घालतो, बाटली मुळाशी ओततो, आणि शेवटचा घोट तळहातावर घेऊन तीर्थ म्हणून ओठाला लावतो. तीर्थ घेतल्याशिवाय राखण पुरी होत नाही.

“लावलं तर हे घरी येणार नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “माझ्या हातात काही राहणार नाही.”

फणसाखाली सावली गार होती आणि सगळ्यांना घाम फुटला होता. रुपेशने बाटली उचलली. मी प्रणिताकडे बघत होतो. तिची नजर तिच्या मनगटावर. कडं गप्प होतं. नवऱ्याच्या हातात उघडी बाटली, आणि कडं मेल्यासारखं गप्प. ती दोन पावलं पुढे आली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली,

“घेवा ना तीर्थ. देवाचा आसा. मी दाबतंय, भियाव नको.”

मुजावर मॅडमनी मान झटकन वळवली. रुपेशने बायकोकडे बघितलं. मग बाटली मुळाशी ठेवली, हात जोडले आणि गाऱ्हाण्याला सुरुवात केली. गाऱ्हाण्याची रीत ठाऊक नसेल तर सांगतो. मानकरी एकेक गोष्ट देवापुढे मांडतो आणि जमलेला गाव प्रत्येकीला रुकार देतो. ज्याने रुकार दिला तो त्या बोलाला बांधला गेला. पोलिसाच्या कागदावर सही करून उलटलेली माणसं आमच्यात आहेत, गाऱ्हाण्याला व्हय म्हणून उलटलेला एकही नाही.

“बा राखणदारा म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्या गावची, ह्या वाटेची, ह्या शिवेची तू राखण करतंस.”

“व्हय म्हाराजा.”

“आज तुज्या लेकरांनी जो मान केल्यानी, तो गोड मानून घे.”

“व्हय म्हाराजा.” मॅडमही ओढल्यासारख्या पुटपुटल्या. सगळे बोलत असले की तोंड बंद ठेवणं कठीण.

“आणि म्हाराजा, माज्या घरात औंदा दोन माणसां आजारी होती. कोर्टान औषध एकाकच दिल्यान.”

रुकार विस्कळीत आला. लोक एकमेकांकडे बघू लागले.

“माका बाटलेची सवय होती, ती सुटली. जी माका सोडवक बसली, तिका माज्या हाकेची सवय लागली. हाक बंद झाली तशी ती कासावीस झाली, आणि तुजी बाटली माज्या वाटेत ठेवूक लागली.” त्याचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. “फडताळ उघडूच्या आदी माज्या दंडात तिची नाडी ठोकायची. माका बाटली दिसूच्या आदी, तलफ उठूच्या आदी, तिचो अंगठो दाबलेलो आसायचो. घोड्यासारकी धावायची ती नाडी. तेवाच माका कळला. पण बोललंय नाय, म्हाराजा. माका वाटला, बोललंय तर तिका धरून नेतीत.”

आता कुणीच व्हय म्हणेना. सोबत्याने भुलवलं तर तो गुन्हा, हे वाडीतल्या सगळ्यांना एव्हाना ठाऊक होतं, आणि कायद्याचं माणूस तिथेच, फणसाला टेकून उभं. दाजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. प्रणिता पांढरी पडली होती.

“शुद्धीत आसताना मी तिका कदी हाक मारलंय नाय, म्हणान तिका मशीनीची हाक गोड लागली. तिका वाट दाखय. पण कायदो आसो आसा, म्हाराजा, की ज्याचा तेना आपल्या तोंडान सांगूक व्हया. मी सांगून भागाचा नाय, गावान सांगून भागाचा नाय.” तो वळला, आणि माझ्या माहितीत पहिल्यांदा, चारचौघांत, तिला नावाने म्हणाला, “प्रणिता. ह्या खरा काय?”

फणसावरचं एक पान गळून बाटलीच्या गळ्यावर अडकलं. मुजावर मॅडम हलल्या नाहीत. त्या एका क्षणात ती नाही म्हणाली असती तर रुपेशचं बोलणं म्हणजे बायकोवरचा आरोप ठरला असता, आणि चौकशी पोलिसांची. प्रणिताने कड्यावरचा अंगठा हळूहळू उचलला. तो इतका वेळ दाबलेलाच होता.

“व्हय म्हाराजा,” ती म्हणाली.

आणि मग अख्खा गाव म्हणाला. त्या रुकाराने नदीपलीकडच्या गोव्यातली कुत्री भुंकली, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच.

रुपेशने बाटली उचलली आणि तळाच्या थेंबापर्यंत मुळाशी ओतली.

“आणि तीर्थ?” दाजींनी विचारलं.

“औंदा सगळा तेकाच. वर्सभर तेच्याच नावाचा आमी वापरला.”

दाजींनी थोडा विचार केला, टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, “व्हय म्हाराजा.” राखण पुरी झाली. त्या फणसाला पुढल्या मोसमात जे गरे लागले ते खाऊन माकडं दोन दिवस फांदीवर पाय टाकून झोपली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही मानू नका.

मुजावर मॅडमनी रुपेशच्या दंडाला यंत्र लावलं. कणी स्वच्छ. मग त्या प्रणिताशेजारी मुळावर बसल्या.

“मी ही कबुली समजू की प्रार्थना?”

“आमच्यात वेगवेगळी नसतात,” मी म्हटलं.

“तुम्ही गप्प बसा, आजोबा. तुमचा ह्यातला वाटा मला नवरा-बायको दोघांकडून कळणार आहे.” त्यांनी प्रणिताचं कडं हलकेच काढलं. खाली पांढुरका पट्टा उमटला होता. “चूक आमची आहे. गळ टाकून बसलेल्या माणसाला मासा रोज लागला तर तो कंटाळतो, कधीच नाही लागला तर उठून जातो. कधी लागतो, कधी नाही, असं झालं की तो खडकावरून हलत नाही. तुमच्या हातात आम्ही गळ दिला आणि नवऱ्याला मासा केलं. तुम्ही आपल्या तोंडानं सांगितलंत, तेवढं मला पुरे आहे. उद्या कोर्टात चला.”

कोर्टात न्यायाधीशबाईंनी बराच वेळ चष्मा पुसला. “व्यसन कशाचं म्हणू? दारू नाही, गांजा नाही, गोळ्या नाहीत.”

“सोबतीचं, मॅडम,” मुजावर मॅडम म्हणाल्या.

“अशाला कायद्यात जागा नाही.”

“कायदा झाला तेव्हा कडं नव्हतं, कणीला एकच चावी होती.”

बाईंनी पुन्हा त्याच तीन वाटा वाचून दाखवल्या. दवाखाना आणि बैठक, केंद्र, सोबत. तिसरीचं नाव निघताच प्रणिता “ती नको” म्हणाली, आणि कोर्टात हशा पिकला. पहिली वाट ठरली. दर गुरुवारी सावंतवाडीला बैठक, आणि हात थरथरतात त्याला गोळी. रुपेशची शिक्षा माफ झाली, कणी काढली. मुजावर मॅडमनी घरासाठी एकच पथ्य सांगितलं, तेही रुपेशला. “तिला वाट बघायला लावायचं नाही. काम असताना हाक मारता ती वेगळी. काही काम नसताना मारायची.”

हे पथ्य त्याने असं पाळलं की वाडीचे कान किटले. गाडी धुताना, लाकडं फोडताना, अंगणात नुसता उभा असताना तो ओरडायचा.

“प्रणिता गो.”

“काय?”

“काय नाय.”

पहिले काही महिने ती प्रत्येक हाकेला धावत दारात यायची, ओल्या हातांनी, मनगट चोळत. मी माझ्या पायरीवरून बघायचो. मग ती आतूनच उत्तर द्यायला लागली. कधी कधी “वायच थांब” सुद्धा म्हणू लागली, आणि तो थांबायचा.

आमच्या माडावर डोंगरी मैना येते. तिने ही हाक उचलली. परवा रुपेश अननस घेऊन बांद्याला गेलेला, घरी प्रणिता एकटी. मी आपला सुपारी कातरत बसलो होतो. माडावरून हुबेहूब रुपेशच्या आवाजात आलं, “प्रणिता गो.”

माझा अडकित्ता हातातच राहिला. चुलीपुढे पावलं वाजली, थांबली. ती खिडकीतून माडाकडे बघत असावी. मग आतून तिचं हसू ऐकू आलं, आणि मागोमाग भाताचा टोप उतरवल्याचा आवाज.

“काय नाय,” मैनाच शेवटी म्हणाली.